दहा मिलिसेकंदांनी काय बिघडतं?

रिअल-टाइम हायब्रिड चाचणीबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: "अ‍ॅक्च्युएटर (इमारतीचा भाग हलवणारं यंत्र) आज्ञेच्या दहा मिलिसेकंद मागे राहिला तरी चालतं, नंतर आलेख तेवढा सरकवून घ्यायचा."

साध्या नोंदीपुरतं हे खरंही आहे, म्हणूनच ते पटतं. पण इथे इमारतीचा काही भाग संगणकात गणिती रूपात असतो, काही प्रयोगशाळेत खरा नमुना म्हणून. अ‍ॅक्च्युएटर नमुना ढकलतो, मोजलेलं बल संगणकाकडे जातं आणि त्यावरून पुढचं विस्थापन ठरतं. म्हणजे उशीर प्रत्येक फेरीत गणितात शिरतो. बल जुन्या जागेचं असतं: बाहेर जाताना विरोध कमी, परतताना ओढ जास्त. दर आवर्तनात फुकटची ऊर्जा आत येते, जणू ऋण डॅम्पिंगच (डॅम्पिंग म्हणजे कंपनं विरवणारा परिणाम).

सगळा ताठपणा नमुन्याचा धरला तर या ऋण डॅम्पिंगचं प्रमाण साधारण ωτ/2 (ω म्हणजे 2π गुणिले वारंवारता, τ म्हणजे उशीर). वारंवारता 2 हर्ट्झ, उशीर 10 मिलिसेकंद: सुमारे 6.3 टक्के. पोलादी सांगाड्याचं स्वतःचं डॅम्पिंग बहुधा 2 टक्के धरतात. मग कंपनं विरणार कशी? वाढतच जातात.

पडताळा सोपा आहे. आडव्या अक्षावर सांगितलेलं विस्थापन, उभ्यावर मोजलेलं. उशीर नसेल तर 45 अंशांची रेघ, असेल तर फुगलेला लूप.

उपाय म्हणून पुढच्या स्थितीचा अंदाज बांधून आज्ञा आधीच देतात. मात्र उशीर भारानुसार बदलतो, आणि भरपाई जास्त झाली तर उलट खोटं डॅम्पिंग वाढतं. ही चूक जास्त फसवी, कारण चाचणी छान स्थिर दिसते.