मागच्या आसनावरील हेडसेटच्या सॉकेटची जागा बदलताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींवर, म्हणजे होंडा गोल्ड विंग किंवा हार्ले-डेव्हिडसनच्या अल्ट्रा मालिकेसारख्या गाड्यांवर, चालवणाऱ्याबरोबरच मागे बसणाऱ्या व्यक्तीच्याही हेल्मेटमधील हेडसेटसाठी सॉकेट दिलेले असते. हे सॉकेट गैरसोयीच्या जागी असल्याची तक्रार घेऊन आमच्या पुण्यातील कार्यशाळेत येणाऱ्या ग्राहकांना या कामाचे स्वरूप आधीच नीट कळावे, यासाठी हे पत्रक लिहिले आहे. मागची पेटी किंवा पाठटेकू बदलल्यामुळे, आसन नव्याने शिवून घेतल्यामुळे किंवा मागे बसणारी व्यक्ती उंचीने फार कमी वा जास्त असल्यामुळे मूळ जागा अडचणीची ठरते, असा आमचा अनुभव आहे.

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक जागा ठरवूनच येतात, आणि ती चालवणाऱ्याने ठरवलेली असते. आम्ही मात्र मागे बसणाऱ्या व्यक्तीला, तिच्या नेहमीच्या हेल्मेटसह आणि प्रवासात वापरायच्या जाकिटासह, सोबत आणण्याचा आग्रह धरतो. त्याशिवाय मोजमाप घेत नाही. सॉकेट कोठे बसवायचे हे जवळ कोणती मोकळी जागा आहे यावर ठरत नाही; उतरताना वायर कोणत्या दिशेने ओढली जाते यावर ते ठरते, आणि ती दिशा ती व्यक्ती प्रत्यक्ष बसून उतरल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात आणि साइड स्टँडही डावीकडेच असतो, त्यामुळे मागची व्यक्ती बहुधा डाव्या बाजूनेच चढते आणि उतरते. लांबच्या प्रवासानंतर चहासाठी गाडी थांबते, पाय आखडलेले असतात आणि प्लग काढायचा राहून गेलेला असतो. अशा वेळी सॉकेट आसनाच्या कडेला मांडीजवळ असेल, तर वायर प्लगच्या मुळाशी काटकोनात वाकते, आणि बाहेरून काहीही दिसत नसताना आतील बारीक तारा एकेक करून तुटू लागतात. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आलेल्या एका हेडसेटची वायर वरून अगदी नव्यासारखी होती. प्लगचे रबर कापून पाहिले तेव्हा पाचपैकी दोन तारा केवळ वेष्टनाच्या आधाराने एका रेषेत उभ्या होत्या. ग्राहकाने मात्र ॲम्प्लिफायर बिघडल्याचे समजून सगळी शोधाशोध तिकडे केली होती. हेच सॉकेट कमरेच्या उंचीवर, किंचित मागे आणि तोंड वर-पुढे करून बसवले, तर विसरून उतरलेल्या माणसाची ओढ पिनांच्या सरळ रेषेत येते आणि प्लग इजा न होता निघून येतो. म्हणून आम्ही फिरकीने घट्ट बसणारी किंवा कुलूपबंद जोडणी या ठिकाणी कधीच लावत नाही. ती टिकाऊ वाटते खरी, परंतु ओढ बसली की हेल्मेट घातलेले डोके तिच्याबरोबर ओढले जाते.

मोजमाप घेताना त्या व्यक्तीला आम्ही मान पूर्ण डावीकडे व उजवीकडे वळवायला, पुढे झुकून चालवणाऱ्याच्या खांद्यावरून पाहायला आणि गतिरोधकावर उठतात तसे पायटेकूंवर उभे राहायला सांगतो. या सर्व हालचालींत जेवढी अधिकात अधिक वायर लागेल तिच्यात साधारण 10 सेंटिमीटर वाढवून लांबी निश्चित केली जाते. यापेक्षा अधिक झोल ठेवू नये, कारण लोंबणारी वायर बाजूच्या पेटीच्या झाकणात अडकते किंवा सायलेन्सरला टेकते.

गोल्ड विंगच्या हेडसेटला पाच पिनांची गोल डिन (जर्मन मानकाची) जोडणी असते, तर हार्लेच्या 1998 नंतरच्या वायरयुक्त हेडसेटला सात पिनांची असते. हार्लेचा सात पिनांचा प्लग गोल्ड विंगच्या सॉकेटमध्ये बसत नाही. पाच पिनांपैकी दोन मायक्रोफोनच्या, दोन डाव्या-उजव्या स्पीकरच्या आणि एक स्पीकरांची सामाईक, अशी वाटणी असते. अर्धवर्तुळात मांडलेल्या या पिनांचे क्रमांक 1, 4, 2, 5, 3 असे येतात, एकापुढे एक येत नाहीत. शिवाय सोल्डर करायच्या बाजूने पाहिले तर ही मांडणी आरशातल्यासारखी उलटी दिसते. घरी केलेल्या कामात सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून प्रत्येक पिन मल्टिमीटरने दोन्ही टोकांना तपासल्याखेरीज आम्ही सॉकेट बंद करत नाही.

गाडीची मूळ वायरिंग आम्ही कापत नाही. मूळ सॉकेट आहे तिथेच ठेवून त्यात जोडवायर बसवतो, दोन्ही प्लग हलू नयेत म्हणून तो सांधा पट्टीने बांधतो आणि तिचे दुसरे टोक नव्या जागी आणतो. यामुळे एक सांधा वाढतो हे खरे आहे. परंतु पुढे गाडी विकायची झाली किंवा बदल पसंत पडला नाही, तर सर्व काही पूर्ववत करता येते, आणि आमच्या मते हा लाभ मोठा आहे. गाडीच्या वॉरंटीवर याचा परिणाम होईल का, हे मात्र आपण विक्रेत्याकडून आधी विचारून घ्यावे. एअरबॅग असलेल्या गोल्ड विंगवर काम करताना पिवळ्या वेष्टनाच्या वायरींना आम्ही हात लावत नाही, आणि निवडलेली जागा त्यांच्या मार्गात येत असेल तर जागाच बदलतो.

मायक्रोफोनचा विद्युतसंकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो, म्हणून जोडवायर जाळीचे आवरण असलेलीच लागते आणि ती जाळी एकाच टोकाला जोडावी लागते. दोन्ही टोकांना जोडल्यास, विशेषतः नवे सॉकेट गाडीच्या धातूला टेकत असेल तर, गाडीत वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज कानात येऊ लागतो. इंजिनाचा वेग वाढला की चढणारी आणि कमी झाला की उतरणारी बारीक शीळ ऐकू आली, तर कारण बहुधा हेच असते. याच कारणासाठी जोडवायर इग्निशन कॉइलपासून आणि मोबाइल चार्जरच्या वायरीपासून दूर नेली जाते, आणि त्यांना ओलांडणे अटळ असेल तिथे काटकोनात ओलांडली जाते.

ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात ज्यांनी जुलैत गाडी चालवली आहे, त्यांना पाणी फक्त वरून येत नाही हे सांगायला नको. पाणी वायरीवरून ओघळत सांध्यापर्यंत पोहोचते. यासाठी वायर सॉकेटकडे नेताना आधी खाली झोल देऊन मग वर घेतली जाते, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतात. सॉकेटचे तोंड आकाशाकडे सरळ उघडे न ठेवता थोडे कलते ठेवतो आणि त्याला रबरी टोपण देतो. प्लग लावलेला नसताना ते टोपण बसवणे ही जबाबदारी आपली. पिनांवर हिरवट थर दिसू लागल्यास तो खरवडू नये, संपर्क साफ करणाऱ्या फवाऱ्याने स्वच्छ करावा.

हेल्मेटविषयी एक विनंती आहे. वायर आत घेण्यासाठी किंवा स्पीकर बसवण्यासाठी हेल्मेटच्या कवचाला भोक पाडू नये आणि आतील थर्माकोलसारखा थर कोरू नये. आयएस 4151 मानकाची हेल्मेटची चाचणी अखंड कवचावर झालेली असते. असे काम आम्हाला सांगितले तरी आम्ही ते करत नाही.

ब्लूटूथ हेडसेट असताना वायरीचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. ज्यांचा प्रवास शहरापुरता किंवा रविवारच्या सकाळपुरता आहे, त्यांना ब्लूटूथ पुरेसे आहे आणि त्यांनी या कामावर खर्च करू नये, असेच आम्ही सांगतो. वायरीच्या हेडसेटला चार्जिंग लागत नाही, आणि आठ-दहा तासांच्या प्रवासात दुपारनंतर मागच्या माणसाचा आवाज बंद पडत नाही, हा त्याचा खरा उपयोग आहे.

या कामाला साधारण अर्धा दिवस लागतो. आसन आणि बाजूची प्लास्टिकची आवरणे काढण्यापूर्वी बॅटरीचा ऋण टर्मिनल सोडवला जातो. आवरणांच्या क्लिपा जुन्या गाड्यांत ठिसूळ झालेल्या असतात, तेव्हा तुटलेल्या क्लिपा आम्ही आमच्याकडील साठ्यातून बदलून देतो. काम झाल्यावर इंजिन मंद गतीवर आणि 3000 फेऱ्यांवर ठेवून, इंडिकेटर व हॉर्न वाजवून आवाज तपासला जातो. त्यानंतर मागे बसणाऱ्या व्यक्तीने एकदा प्लग मुद्दाम न काढता सावकाश उतरून पाहायचे असते. प्लग सहज सुटला नाही, तर सॉकेटचा कोन आम्ही तिथल्या तिथे बदलतो. म्हणून त्या व्यक्तीने काम पूर्ण होईपर्यंत थांबावे किंवा गाडी नेण्याच्या वेळी पुन्हा यावे, आणि येताना हेल्मेट विसरू नये.