जुना वायर्ड अलार्म आणि तारेच्या टोकाचा रेझिस्टर

अमेरिकेत १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेल्या बऱ्याच घरांमध्ये चोरीच्या अलार्मच्या तारा बांधकामाच्या वेळीच भिंतींतून ओवून ठेवलेल्या आहेत. अशी घरे विकत घेणाऱ्यांत मराठी कुटुंबेही आहेत, आणि तळघरातली अलार्मची कुलूपबंद लोखंडी पेटी काढून टाकावी की चालू करावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे बहुधा पहिल्याच महिन्यात उभा राहतो.

पेटीतले पॅनेल, म्हणजे अलार्म चालवणारे नियंत्रक यंत्र, सहसा बिघडलेले नसते. त्याचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तुटलेला असतो. ज्यांवरून ते सूचना पाठवायचे त्या लँडलाइन घरोघरी बंद झाल्या. त्यांच्या जागी मोबाइल नेटवर्कवरून सूचना पाठवणारी मॉड्युले आली; त्यांपैकी पहिल्या पिढीची ॲनालॉग २००८ मध्ये निरुपयोगी ठरली, पुढे मोठ्या कंपन्यांनी टू-जी टप्प्याटप्प्याने बंद केले आणि २०२२ अखेर थ्री-जीही संपले. मुदत वाढवून मिळावी म्हणून अलार्म उद्योगाने ॲनालॉग आणि थ्री-जी बंद होताना, दोन्ही वेळा दूरसंचार नियामकाकडे धाव घेतली. २००७ मध्ये ती विनंती स्पष्ट शब्दांत फेटाळली गेली होती. भिंतीतल्या तांब्याच्या तारांना मात्र या उलथापालथीने काहीच झालेले नाही, आणि म्हणूनच खरा प्रश्न तारांपाशी येऊन थांबतो.

विजेवर चालणाऱ्या अलार्मचे पहिले पेटंट १८५३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका संशोधकाला मिळाले. त्यात दार उघडले की विजेचे मंडल (सर्किट) पूर्ण होऊन घंटा वाजत असे, म्हणजे चोराने आधीच तार कापली तर घंटा मुकीच राहणार. पुढे मंडल कायम जोडलेले आणि प्रवाह वाहता ठेवण्याची पद्धत रूढ झाली: दार उघडा किंवा तार कापा, प्रवाह खंडित झाला की अलार्म. चुंबकावर चालणारा रीड स्विच १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधनातून आला आणि दारा-खिडक्यांच्या चौकटींत बसला. एक फट तरीही उरली. जोडीतल्या दोन तारा मध्येच एकमेकींना जोडल्या, तर पॅनेलला दार बंदच दिसत राहते.

ही फट बुजवण्यासाठी तारेच्या अगदी शेवटी, स्विचपाशी, एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग, लावतात; त्याचे नावच ‘तारेच्या टोकाचा रेझिस्टर’. काही पॅनेलांना २ किलोओहमचा लागतो, काहींना ५.६ किलोओहमचा; दुसऱ्यावर हिरवा, निळा, तांबडा आणि सोनेरी असे पट्टे असतात. पॅनेल हा अडथळ्याचा आकडा सतत मोजते: तो अनंत झाला तर दार उघडले किंवा तार तुटली, शून्य झाला तर कोणीतरी तारा जोडल्या. असंख्य घरांत मात्र हा रेझिस्टर पेटीतच, स्क्रूखाली पिळलेला सापडतो. बसवणाऱ्यांचे म्हणणे असे की खिडकीच्या भोकात स्विचच जेमतेम मावतो, पुढे दुरुस्तीसाठी भिंत फोडावी लागते, आणि भिंतीतल्या तारेपर्यंत चोर पोचणार तरी कसा? यातला शेवटचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण खिळा ठोकताना किंवा उंदराने कुरतडून तारा जोडल्या जातात, तेव्हा तो मुद्दा उपयोगी पडत नाही. पेटीतला रेझिस्टर पॅनेलला हवा असलेला आकडा दाखवतो, एवढेच त्याचे काम. नावात ‘टोक’ असूनही लोक तो कुठेही चालतो असे मानतात, याचे मूळ इथे आहे.

जुन्या यंत्रणेची श्रेणीवाढ करताना ही गोष्ट पुन्हा आडवी येते. जुन्या तारांचे झोन (एका दाराच्या किंवा खिडक्यांच्या गटाच्या तारांची जोडी) बिनतारी पॅनेलला जोडणारी काही नवी मॉड्युले वेगवेगळ्या मूल्यांचे रेझिस्टर स्वतः ओळखतात. इतरांसाठी प्रत्येक झोनचा रेझिस्टर बदलावा लागतो. वीज आणि बॅटरी काढून झोनची जोडी टर्मिनलमधून सोडवावी, सगळी दारे-खिडक्या बंद ठेवून तिच्यावर अडथळा मोजणारा मल्टिमीटर लावावा: पॅनेलप्रमाणे २,००० किंवा ५,६०० ओहमच्या आसपास आकडा आला तर रेझिस्टर टोकाला आहे, दोन-चार ओहमच आले तर तो पेटीत आहे.