किलिमांजारोचा बर्फ नुसता वितळत नाही

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ ओलांडतो, तेव्हा सीताबर्डीच्या रसवंतीवर कुणीतरी हमखास सांगतं, ‘आफ्रिकेतला किलिमांजारोही असाच उन्हानं वितळतोय.’ हे अर्धंच खरं. ५,८९५ मीटर उंच शिखरावरची हवा बहुतेक वेळ शून्याखालीच असते. तिथला बराचसा बर्फ पाणी न होताच, देवघरातल्या कापरासारखा उडून जातो; आणि हवामान कोरडं झाल्यानं नवं हिम पुरेसं पडत नाही. १९१२ मध्ये सुमारे १२ चौरस किलोमीटर असलेला बर्फ २०११ पर्यंत २ चौरस किलोमीटरच्याही आत आला.

पण यावरून ‘तापमानवाढ म्हणजे थाप’ म्हणणारेही चुकतातच बरं! दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेत ती हिमनद्या थेट वितळवतेय. तिथली बोलिव्हियाची चाकालताया हिमनदी २००९ मध्ये संपलीसुद्धा.