सोयरिकीआधीची सिकलसेल तपासणी (विदर्भ)

लग्न पक्के करण्याआधी मुलगा-मुलगी दोघांच्याही रक्तात सिकलसेलचे जनुक आहे का, हे पाहण्याची पद्धत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या जिल्ह्यांत आणि मेळघाटात हा आनुवंशिक आजार आदिवासी व अनुसूचित जातींत अधिक आढळतो. इतर समाजही त्यातून सुटलेले नाहीत.

जनुक एकाच पालकाकडून आले तर माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’. दोघांकडून आले तर रुग्ण, ‘एसएस’. वाहक सहसा आजारी नसतो. उलट गंभीर मलेरियापासून त्याला बरेच संरक्षण मिळते, आणि मलेरियाच्या पट्ट्यात हे जनुक टिकले ते त्यामुळेच. रुग्णाचे मात्र हाल होतात. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. धानाच्या रोवणीत दिवसभर भिजत चिखलात उभे राहिले, की गारठ्याने नि थकव्याने हाडे-सांध्यांचे दुखणे उसळते.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस होण्याची ५० टक्के. ‘पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली’ हा हिशेब साफ चुकीचा आहे. दर खेपेला शक्यता तेवढीच. मामाच्या मुलीशी सोयरीक झाली तर आजी-आजोबा एकच, म्हणून दोघेही वाहक निघण्याचा धोका वाढतो.

आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन ‘सोल्युबिलिटी’ चाचणी करतात. नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेषा गढूळ द्रावणातून दिसेनाशा झाल्या, की पॉझिटिव्ह. पण ती व्यक्ती एएस की एसएस, हे यात कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करावी लागते. तेवढे न थांबता सोयरीक मोडणे हा अन्याय आहे, आणि तो बहुतेक मुलीच्या वाट्याला येतो: ‘वाहक’ म्हटले की पाहुणे परत फिरतात, मुलाचा रिपोर्ट कोणी मागत नाही. जोडीदाराला सिकलसेल वा थॅलेसेमिया (रक्ताचाच दुसरा आनुवंशिक आजार) यांपैकी कशाचेच जनुक नसेल, तर वाहकाचे मूल एसएस होत नाही. असे लग्न मोडायला काहीही कारण नाही.

२०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेतही लग्नाआधीच्या समुपदेशनावर भर आहे. लग्नानंतर दोघे वाहक असल्याचे कळले, तर साधारण १० ते १२ आठवड्यांच्या गरोदरपणात वारेचा नमुना घेऊन गर्भाचे निदान करता येते. ही सोय मोठ्या शहरांतच असल्याने पाळी चुकताच आशाताईंना सांगावे लागते.