नदीखर्चाचा वाद (गोवा)

धरणे, बंधारे, कालवे, खाजनांचे बांध, धक्के आणि नदीकाठचे सुशोभीकरण यांवर गोव्यात सरकारी तिजोरीतून जो पैसा जातो, तो कशावर, कुणासाठी आणि कुणाला विचारून जातो, याबद्दल चालत आलेला जाहीर वाद. विधानसभेतल्या मागण्या आणि कपात सूचना, ग्रामसभा, उच्च न्यायालय आणि वर्तमानपत्रांतली वाचकांची पत्रे हे त्याचे नेहमीचे आखाडे. ‘नदीखर्च’ असे शीर्षक अंदाजपत्रकात शोधून सापडणार नाही. धरण आणि बंधारे जलस्रोत खात्याकडे, खाजनांचे बांध कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे, फेरीबोटी नदी परिवहन खात्याकडे, काठावरचे दिवे आणि बाक कधी पर्यटनाकडे तर कधी स्मार्ट सिटीच्या कंपनीकडे. एकाच मांडवी नदीवर वर्षाला एकूण किती पैसा पडतो, याचे उत्तर त्यामुळे कुठल्याही एका टेबलावर मिळत नाही. वादाचा निम्मा घोळ इथूनच सुरू होतो.

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सह्याद्रीवरून उतरलेले पाणी बघता बघता समुद्राला मिळते. उलट बाजूने भरतीचे खारे पाणी नदीत खोलवर शिरते; मांडवीत उन्हाळ्यात ते पार गांजे गावाच्या बाजूपर्यंत चढते. म्हणून इथे नदीवरचा खर्च मुळात दोन कामांसाठी होतो. वरच्या अंगाला गोडे पाणी अडवून धरायचे आणि खालच्या अंगाला खारे पाणी शेतात शिरू द्यायचे नाही. काठ सजवण्याचा तिसरा खर्च अलीकडचा, पण बातम्यांत सर्वाधिक जागा तोच खातो.

बांध आणि मानस : यांतला सर्वांत जुना खर्च खाजनांचा. खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीपेक्षा सखल शेतजमीन. गोव्यात अशी जमीन १७ ते १८ हजार हेक्टर धरली जाते. तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि फोंडा तालुक्यांत ती जास्त. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा बांध घालून खाडीचे पाणी बाहेर ठेवायचे आणि बांधात एक मानस बसवायची, ही त्याची रीत. मानस म्हणजे दगडी चौकटीत बसवलेले लाकडी झडपेचे दार. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ते बाहेर उघडते आणि शेतातले पाणी निघून जाते. भरतीला बाहेरचा रेटा वाढला की ते आपसूक मिटते. ना मोटर, ना वीज. दाराची फळी कुजली किंवा कडेला बोटभर फट पडली, तरी एका पंधरवड्याच्या भरतीत आतल्या भातात मीठ चढते. म्हणून दाराकडे रोज कुणाचे तरी लक्ष असावे लागते, आणि खाजनाचा खरा खर्च तोच.

हा खर्च पूर्वी गावकरी, म्हणजे पोर्तुगीज आमदानीत जिला कोमुनिदाद म्हणू लागले ती संस्था, आणि शेतमालकांची मंडळे करीत. मानशीच्या तोंडाशी मासे धरण्याचा हक्क दरवर्षी पावणीला, म्हणजे लिलावाला, काढायचा आणि आलेल्या पैशातून बांधाची डागडुजी करायची. पैसा देणारा, शेत कसणारा आणि बांध फुटल्यावर रात्री कंदील घेऊन धावणारा हे सगळे एकाच गावचे, बऱ्याचदा एकाच वाड्यावरचे. हिशेब चुकला तर पुढच्या बैठकीत तोंड दाखवायला जागा उरत नसे. ही व्यवस्था सगळ्यांना न्यायाची होती असे मुळीच नाही. गावकार, म्हणजे या संस्थेचा हक्कदार, नसलेल्या कष्टकऱ्याला तिथे आवाज नव्हता, आणि १९६४ चा कूळ कायदा आणि त्यावरची १९७६ ची दुरुस्ती यांमागे तीच सल होती. कुळे मालक झाली, हे झालेच पाहिजे होते. पण बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली, त्या बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिल्या आणि बांध फुटला की सरकारी खात्याकडे धाव घेण्याची रीत पडली.

तेव्हापासूनचा वाद ठरलेला आहे. खाते निविदा काढते, काम पावसाच्या तोंडावर सुरू होते, चिखलाच्या जागी सिमेंट येते. मातीचा बांध खचतो, पण गावातल्या माणसांना तो चार दिवसांत बुजवता येतो. काँक्रीटची भिंत फुटली की पुढच्या निविदेची वाट पाहावी लागते. दुसरीकडे, मजूर मिळत नाही, पेंढ्याचा बांध घालणारे हात राहिले नाहीत, हे खात्याचे म्हणणेही खोटे नाही. त्यात मानशीचा लिलाव घेणाऱ्याला मासे हवे असतात आणि त्यासाठी दार जास्त वेळ उघडे राहिलेले त्याला चालते, शेतकऱ्याला नाही. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचे नकाशे करून ती राखावीत असे खास कलम आले. नकाशांचे काम रखडले ते रखडलेच.

साळावली : सांगे तालुक्यातले हे गोव्याचे सर्वांत मोठे धरण. बांधकाम १९७० च्या दशकात सुरू झाले आणि टप्प्याटप्प्याने पुढे दोन-अडीच दशके चालले. उंची सुमारे ४३ मीटर, लांबी १ किलोमीटरच्या आसपास, साठवण सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर. बदकाच्या चोचीच्या आकाराचा त्याचा सांडवा पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये गाड्यांची रांग लागते. योजना मुख्यतः सिंचनाची म्हणून मंजूर झाली. आज दक्षिण गोव्याचे पिण्याचे पाणी आणि उद्योगांची गरज तिच्यावर उभी आहे. खर्चाचे समर्थन एका हिशेबावर झाले आणि लाभ दुसऱ्याच खात्यात जमा झाला. लाभ झाला हे कुणी नाकारत नाही, मडगावच्या नळाला विचारावे.

झळ बसली ती कुर्डी आणि आजूबाजूच्या गावांना. गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव १९८० च्या दशकात पाण्याखाली गेले. तिथल्या कदंबकालीन महादेव मंदिराचा दगड न् दगड सोडवून पुरातत्त्व खात्याने ते धरणाजवळ पुन्हा उभे केले. माणसांची उभारणी इतकी नेटकी झाली नाही. वाडें आणि वालकिणी इथल्या वसाहतींत त्यांना जमिनी मिळाल्या. वालकिणीत लोकांनी ऊस लावला, तो ज्या संजीवनी साखर कारखान्यात जाई तिथले गाळप २०१९-२० नंतर थांबले. ज्यांच्या घरांवर तलाव उभा राहिला त्यांनाच उन्हाळ्यात पाण्याची वाट पाहावी लागते, ही वसाहतींतली जुनी तक्रार. मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डीची जमीन वर येते. भेगाळलेला गाळ, जोत्यांचे दगड, झाडांची काळी खोडे, मधूनच एखादे तुळशीवृंदावन. सोमेश्वराच्या देवळापाशी मूळचे गावकरी जमतात आणि उत्सव करतात. मग पाऊस येतो. लाभ-व्यय गुणोत्तर काढताना या ओळीला कोणता आकडा द्यायचा, हे कोष्टकात नव्हते.

तिळारी : इथे तर लाभ आणि झळ यांच्यामध्ये राज्याची हद्दच येते. धरण महाराष्ट्रात, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात. पाणी मुख्यत्वे गोव्याच्या पेडणे, डिचोली आणि बार्देश तालुक्यांसाठी. १९९० च्या आंतरराज्य करारानुसार पाण्यात गोव्याचा वाटा ७३.३ टक्के आणि महाराष्ट्राचा २६.७ टक्के, खर्चही त्याच प्रमाणात वाटून घ्यायचा. आयनोडे, सरगवे, पाट्ये, शिरंगे अशी गावे उठली. प्रकल्पग्रस्तांना नोकरी हवी होती. ती कोणत्या सरकारने द्यायची यावर वर्षानुवर्षे टोलवाटोलवी झाली आणि अखेर एकरकमी मोबदल्यावर तडजोड करावी लागली. कामाला जितका उशीर, तितका खर्च फुगत गेला. त्यातला प्रत्येक वाढीव रुपया गोव्याने जवळपास तीन-चतुर्थांश भरायचा, पण कामावर देखरेख मात्र शेजारच्या राज्याची, हे विधानसभेतले हमखास टाळ्या घेणारे वाक्य आहे.

कालवे हे तिळारीचे दुखणे. कालव्याला भगदाड पडले, पाणी बागायतीत घुसले आणि उत्तर गोव्यात नळ कोरडे पडले, असे अलीकडच्या वर्षांत एकाहून अधिक वेळा झाले आहे. पाणी नाही म्हटल्यावर पर्वरी-म्हापशाच्या गृहसंकुलांत टँकरचे हॉर्न ऐकू येऊ लागतात, आणि त्या आवाजात हजारो रुपयांचा जो खाजगी खर्च होतो तो कुठल्याही सरकारी अहवालात दिसत नाही. दुसरा मुद्दा लाभक्षेत्राचा. सरकारी पैशाने ज्या शेतापर्यंत पाट नेला, ते शेत दुसऱ्या कामाला वापरता येऊ नये यासाठी लाभक्षेत्र विकासाचा कायदा आहे. धारगळ इथली अशी जमीन करमणूक प्रकल्पासाठी लाभक्षेत्रातून वगळण्यावरून मोठा गदारोळ झाला. पाट आधी, वगळणी नंतर. शेतकऱ्याला इथे दोन्ही बाजूंनी बोलताना ऐकू येते: कुणी म्हणतो पाणी आले तेव्हा कसणारा उरला नव्हता, कुणी म्हणतो पाणी वेळेवर आले असते तर मुलगा शेतीतच राहिला असता.

बंधारे आणि म्हादई : छोटे बंधारे हा मोठ्या धरणाला सुचवला जाणारा पर्याय. कोल्हापूर पद्धतीचे आणि वसंत बंधारे सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांत जागोजाग दिसतात. विस्थापन नाही, कुळागरांना (सुपारी-नारळाच्या बागांना) आणि विहिरींना आधार, खर्च आटोक्यात. मात्र त्यांच्या फळ्या पाऊस संपल्यावर बसवाव्या लागतात आणि मृगाच्या आधी काढाव्या लागतात. बसवायला उशीर झाला तर अडवण्याजोगे पाणी गेलेले असते. काढायला उशीर झाला तर पहिला पूर फळ्या घेऊन जातो आणि काठ कापतो. सत्तरीत म्हादईच्या (मांडवीचेच वरच्या अंगाचे नाव) पात्रालगत हिवाळ्या-उन्हाळ्यात पुरण शेती करण्याची जुनी पद्धत आहे. बंधाऱ्याचे साठलेले पाणी त्या जमिनीवर चढते, हा आणखी एक पेच.

म्हादई पाणीवाटप लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी दिले. केंद्राने तो फेब्रुवारी २०२० मध्ये अधिसूचित केला. म्हादईचे पाणी वळवणाऱ्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या अहवालाला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाची संमती मिळाली, तेव्हा गोव्यात रस्त्यावर आणि सभागृहात एकच सूर होता. खर्चाच्या बाबतीत मात्र सूर फाटतात. एक बाजू म्हणते, आपल्या वाट्याचे पाणी अडवून दाखवले नाही तर लढ्यात आपण हलके पडू, म्हणून बंधारे भराभर बांधा. दुसरी बाजू विचारते, नदी वाहती राहिली पाहिजे म्हणून आपण न्यायालयात उभे आहोत आणि इकडे तिच्यातच भिंती घालत सुटलो, तर बोलायचे काय? वकिलांच्या फीचे आकडेही अधूनमधून तारांकित प्रश्नांतून बाहेर येतात.

नदीकाठ : काठावर पैसा ओतणे गोव्याला नवे नाही. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा ३ किलोमीटरहून लांब दगडी रस्ता लिन्यारिश या व्हाइसरॉयच्या काळात १६३३-३४ मध्ये खाजनातून काढला गेला आणि आजही त्यावरून बसगाड्या धावतात. आताच्या सुशोभीकरणाचा खरा आरंभ २००४ मध्ये चित्रपट महोत्सव पणजीत आला तेव्हा झाला. कांपालचा पदपथ, दिवे, कठडे. २०१६ मध्ये पणजीची स्मार्ट सिटीसाठी निवड झाली आणि मळा या वस्तीच्या बाजूला खारफुटीतून फिरण्याची लाकडी वाट, सांतिनेजच्या ओहोळाची सुधारणा अशी कामे हाती आली. त्याच काळात शहर असे उकरले गेले की उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी एप्रिल २०२४ मध्ये स्वतः रस्त्यावर उतरून कामांची पाहणी केली. सांतिनेजच्या बाबतीत प्रश्न साधा आहे: ओहोळात सांडपाणी सोडणाऱ्या जोडण्या आधी तोडायच्या की काठाला फरशी आधी लावायची? फरशीचा फोटो चांगला येतो. मडगावकडून बेतूलला जाणाऱ्या साळ नदीचा खारेबांद ते मोबोर हा पट्टा प्रदूषित नद्यांच्या केंद्रीय यादीत आहे. तिथेही गाळ उपसण्याची चर्चा सांडपाणी रोखण्यापेक्षा जास्त होते.

मांडवीत तरंगणारे कॅसिनो ही नदीच्या जमाखर्चातली जमेची बाजू. १९९६ मधल्या कायदा दुरुस्तीने जहाजांवर जुगाराला वाट मिळाली. परवाना शुल्क तिजोरीत येते, त्यांच्यासाठी लागणारा धक्का, रस्ता, वाहनतळ यांचा भार मात्र शहरावर पडतो, असा पणजीकरांचा आक्षेप. दर वेळी मुदतवाढ मिळते आणि दर वेळी जहाजे हलवण्याचे आश्वासनही मिळते.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात मांडवी, झुआरी, कुंभारजुवे कालवा, म्हापसा नदी, शापोरा आणि साळ हे गोव्याचे सहा जलमार्ग आले. ‘नद्यांचे राष्ट्रीयीकरण’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला. कायद्यात मालकी हलवल्याचे कुठे म्हटलेले नाही, हे सरकारचे उत्तर बरोबर होते. तरीही ग्रामसभांनी विरोधाचे ठराव घेतले, कारण केंद्राच्या पैशाने गाळ काढला की मागोमाग कोळशाचे तराफे येतील अशी भीती होती. नावशीच्या मच्छीमारांनी झुआरीतल्या मरीनाला (खाजगी नौकांच्या तळाला) केलेला विरोधही याच जातीचा: पैसा कुणाचा यापेक्षा जाळे टाकायची जागा राहते का, हे त्यांनी विचारले.

माहिती मिळवण्याच्या बाबतीत गोवा पुढे होता; देशाचा माहिती अधिकार कायदा २००५ चा, गोव्याचा स्वतःचा १९९७ चा. त्यामुळे निविदेची रक्कम, कंत्राटदार आणि वाढीव खर्च हे चिकाटीने मागितल्यास हाती येतात. सिंचनाच्या उत्तरांत दोन स्तंभ असतात: निर्माण झालेली सिंचनक्षमता आणि प्रत्यक्ष ओलिताखाली आलेले क्षेत्र. पहिला आकडा मंत्री वाचून दाखवतात. दुसरा विरोधी पक्षाचा आमदार पुरवणी प्रश्नात विचारतो, आणि तेवढ्यात प्रश्नोत्तराचा तास संपलेला असतो.