हायरॉक्स म्हणजे नुसती ताकद नाही हो!

ठाण्यातल्या जिममध्ये अजून हेच ऐकू येतं, की हायरॉक्स ही फिटनेस शर्यत म्हणजे ताकदीचं काम, जड स्लेड (वजन लादलेली घसरगाडी) ढकलता आली की झालं. अहो नाही! व्यायामाची स्टेशन्स ८ आहेत खरी, पण प्रत्येकाआधी १ किलोमीटर पळायचंय, म्हणजे एकूण ८ किलोमीटर, आणि बहुतेकांचा निम्म्याच्या आसपास वेळ त्यातच जातो. शिवाय ते पळणं ताज्या पायांचं नसतं, स्लेड ढकलून निघालं की मांड्यांचा दगड झालेला असतो, पाऊलच उचलत नाही. म्हणून उपवन तलावापाशी आठवड्यातून दोन-तीनदा गप्पा मारता येतील इतक्या आरामात पळा, आणि एकदा २० लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवायचे) मारून लगेच १ किलोमीटर, असं चारदा. वजनं सोडू नका हं, शेवटी १०० वॉल बॉल, म्हणजे बैठक मारून जड चेंडू भिंतीवर उंच फेकणं, आहेतच.