पार्श्वभूमी : करंट एका नसेला, फोटो दुसऱ्या नसेचा

आपल्याकडे ‘नस दबली’ म्हणतात तेव्हा मज्जातंतू अभिप्रेत असतो, ‘नस सापडत नाही’ म्हणतात तेव्हा सलाईनसाठीची शीर आणि ‘नसेवर नस चढली’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा आखडलेला स्नायू. लातूर, बीड, परभणीच्या कुठल्याही ओपीडीत तासाभरात हे तिन्ही प्रयोग कानावर पडतात. जुनाट दुखण्यावर मज्जातंतूला करंट द्यायचा आणि परिणाम थर्मल कॅमेऱ्याने बघायचा, या पद्धतीचा इतिहास समजून घेताना हा एक शब्द फार घोटाळा करतो. करंट मिळतो मज्जातंतूला. कॅमेऱ्यात उमटते ती त्वचेतल्या रक्ताभिसरणाची ऊब. दोन्हींना आपण ‘नस’च म्हणतो.

दोन्हींचा संबंध मात्र खरा आहे. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित ठेवण्याचं काम सिम्पथेटिक मज्जातंतू करतात. त्यांचा जोर ओसरला की वाहिन्या सैलावतात आणि बोटं गरम होतात. शिवाय करंटमुळे संवेदनेच्या तंतूंच्या टोकांतून वाहिन्या रुंदावणारी द्रव्यंही सुटू शकतात.

वेदनेचे संदेश अडवू शकणारं ‘फाटक’ मज्जारज्जूत असतं, ही कल्पना 1965ची. 1967 मध्ये अमेरिकेत मज्जारज्जूवर पहिला इलेक्ट्रोड बसला. 1970च्या दशकात डॉक्टरांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली : दुखण्यासाठी करंट दिला तर गार पाय ऊबदार होत होते. कॅमेऱ्याची गाठ इथून पडते.

पण 1980च्या दशकात अमेरिकेत थर्मोग्राफी, म्हणजे थर्मल कॅमेऱ्याने चित्र काढणं, भलत्याच ठिकाणी गाजली, ती म्हणजे अपघात-भरपाईच्या खटल्यांत. पाठदुखीचा पुरावा म्हणून लाल-निळी चित्रं न्यायालयात जाऊ लागली. दबलेला मज्जातंतू नेमका कोणता, हे त्या चित्रांवरून खात्रीने सांगता येत नव्हतं, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांचा विरोध होता आणि तो रास्त होता. स्तनांच्या गाठींसाठीची थर्मोग्राफी तिथल्या सरकारी आरोग्य विम्यातून 1984 मध्येच वगळली गेली होती. डिसेंबर 1992 मध्ये ती सगळ्याच आजारांसाठी वगळली. निदानात किंवा उपचारात ती उपयुक्त असल्याचं उपलब्ध पुराव्यावरून दिसत नाही, असं कारण दिलं गेलं.

माझा आक्षेप ‘किंवा उपचारात’ या शब्दांवर आहे. एका माणसाचा फोटो दुसऱ्याशी ताडून रोग ठरवणं वेगळं आणि त्याच माणसाचा तोच पाय करंटच्या आधी व नंतर बघणं वेगळं. पहिल्यासाठी पुरावा कच्चा होता. दुसऱ्याला त्यासोबत दाराबाहेर काढायला नको होतं. त्या काळी बऱ्याच कॅमेऱ्यांना थंड ठेवायला द्रव नायट्रोजन लागे. तसलं काही न लागणारे सेन्सर पुढच्या वर्षांत रुग्णालयांच्या आवाक्यात आले, पण तोवर या तंत्राला डाग लागला होता.

1993 मध्ये इजेनंतर हात-पाय सुजणं, रंग बदलणं, गार-गरम होणं आणि असह्य आग होणं या आजाराला सीआरपीएस हे नाव ठरलं. 2003च्या सुधारित निकषांत दोन बाजूंच्या तापमानात 1 अंशाहून अधिक फरक, ही एक खूण धरली गेली. 2016 मध्ये अमेरिकेत पायाच्या सीआरपीएससाठी मज्जातंतूच्या मुळाजवळच्या नैसर्गिक गाठीला (मज्जापेशींच्या पुंजक्याला) करंट देणाऱ्या यंत्राला मान्यता मिळाली. त्यामुळे कॅमेऱ्याकडे पुन्हा बघण्याला अर्थ आला.

मराठवाड्यात असल्या यंत्राचा खर्च लाखांत जातो. बहुतेकांच्या वाट्याला येतं ते टेन्स, म्हणजे पॅड चिकटवून त्वचेवरून दिला जाणारा करंट. त्यालाही लोक ‘शेक’ म्हणतात, हा आणखी एक गैरसमज. टेन्स शेकत नाही. पॅड काढल्या काढल्या तिथे दिसणारी ऊब बऱ्याचदा नुसत्या झाकलेपणाची असते, म्हणून पॅडपासून दूरची जागा, बोटांची टोकं, बघायची.

‘शून्य ते दहामध्ये किती दुखतं?’ याला ‘लई ठणकतंय, आग आग होतीय’ हेच उत्तर येतं, तेव्हा चित्राची ओढ वाटणं मी समजू शकतो. पण मे महिन्यात अंबाजोगाईहून एसटीने आलेल्या माणसाच्या तळपायाचा पहिला फोटो डांबरी रस्त्याचा असतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्याला 20 ते 24 अंशांच्या खोलीत निदान पंधरा मिनिटं बसवावं लागतं. कूलरचा झोत अंगावर नको. तंबाखूची चिमूट फोटोच्या तोंडावर थुंकून भागत नाही, कारण निकोटीन वाहिन्या आवळून ठेवतं. बाम-तेल पुसायला हवं. घरी बिब्बा लावलाय का, हेही विचारायचं. बिब्ब्याने उठलेला फोड कॅमेऱ्यात करंटच्या गुणापेक्षा लालभडक दिसतो, आणि तो बरा होईपर्यंत त्या जागेचे फोटो ताडता येत नाहीत.